माकडाच्या कपाळावरचा लाल ठिपका

परत आल्यापासून गल्लीतल्या सगळ्या जणी एकच विचारतात, विमानात भीती वाटली का. विमानात भीती वाटायला काय आहे? बांधून ठेवतात, खायला देतात, झोपायला सांगतात. पडलं तर आपण काही करू शकत नाही. भीती वाटते ती आपल्या हातून काही होऊ शकतं तिथे. ती मला केंब्रिजला वाटली आणि घरी आले तरी उतरलेली नाही. म्हणून हे लिहिते. ज्या गेल्या नाहीत त्यांनी वाचावं. राणीचा राजवाडा आणि मोठं घड्याळ मी बाहेरून पाहिलं. ते तुम्हीही चित्रात पाहिलं आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

मी चौथी पास. कराडला आमची पिठाची गिरणी आहे, ती हे चालवतात. मुलगी एकच, उज्ज्वला. घरात तिला उजू म्हणतो. ती जुन्या मूर्तींचं शिकली, आधी पुण्याला, मग विलायतेला, आणि तिथेच एका संग्रहालयात लागली. २००४ सालच्या मे महिन्यात तिने मला तिकीट पाठवलं. ह्यांना गुडघ्यांनी आणि गिरणीने सोडलं नाही. मी एकटी गेले.

हीथ्रो

विमानतळावर एका उंच टेबलामागे साहेब बसला होता. त्याच्याशी बोलायला एक पंजाबी बाई दिली. तिने हिंदीत विचारलं, कशाला आलात? म्हटलं, मुलीला बघायला. परत जाणार का? म्हटलं, जाणार, इथे राहून मी काय करू? पंजाबी बाईने हे साहेबाला पुष्कळ गोड करून सांगितलं असावं, कारण तो हसला आणि शिक्का मारला. पिशवीतलं मेतकूट आणि गोडा मसाला कोणी बघितला नाही.

उजू बाहेर उभी होती. वाळली होती. मी म्हटलं, "खातेस की नाही?" ती म्हणाली, "आई, आल्या आल्या सुरू नको करूस गं." मग आम्ही बसने केंब्रिजला गेलो.

केंब्रिज

गाव चांगलं आहे. सगळे सायकलवर. म्हाताऱ्या बायकासुद्धा पुढे टोपली लावून सायकलवर जातात आणि त्यांना कोणी हसत नाही. गावाच्या मधोमध नदीकाठी मोठं कुरण आहे, तिथे गाई सोडलेल्या असतात. गाईंना दावं नाही, गुराखी नाही. कॉलेजची पोरं त्यांच्या शेजारी पालथी पडून पुस्तक वाचतात.

उजूचं घर म्हणजे दोन खोल्या. न्हाणीघरात जमिनीवर सतरंजीसारखं कापड ठोकलेलं. ओलं झालं तर वाळणार कधी, हे मी विचारलं तर म्हणाली, ओलं करायचंच नाही. एका नळाला उकळतं पाणी, दुसऱ्याला बर्फासारखं, मधलं कुठे नाही. संध्याकाळ होतच नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी खिडकीत ऊन. दिवा लावायची वेळ कोणती धरायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग मी घड्याळात सात वाजले की लावायची, ऊन असो नसो.

पहिल्याच आठवड्यात कळलं की पोरगी वाळली कशाने. तिची नोकरी जुलैअखेर संपत होती.

"म्हणजे काढून टाकणार?" मी विचारलं.

"काढून नाही गं. कॉन्ट्रॅक्टच तेवढं आहे. एक्स्टेन्शन मिळालं तर वर्क परमिट पुढे चालू. नाही मिळालं तर सामान आवरायचं."

"कोणाच्या हातात आहे?"

"कमिटीच्या. पण कमिटी पॅटचं ऐकते."

पॅट म्हणजे तिची साहेबीण. पॅट्रिशिया नाव, साठीची बाई, केस पांढरे, पायात पुरुषी बूट. मी तिला पॅटबाई म्हणायची. तिने आम्हाला एकदा चहाला बोलावलं होतं. चहात थंड दूध, आणि आंबट देठांचा शिरा केलेला, वर भाजलेलं पीठ. मी सगळं खाल्लं. उजूने आधीच दटावलं होतं, "आई, न आवडलं तरी तोंड वाकडं करू नकोस. माझं सगळं तिच्यावर आहे." आयुष्यात सासूपुढे खाल्लं नाही इतक्या धाकाने मी तो शिरा खाल्ला.

जूनमध्ये उजूला संग्रहालयातल्या मोठ्या लोकांपुढे भाषण करायचं होतं. ते चांगलं झालं तर नोकरी वाढणार. भाषण होतं माकडांवर.

माकडं

हे नीट सांगते, कारण मलाही उजूने दोनदा सांगितलं तेव्हा कळलं.

इजिप्त देशात फार पूर्वी एक राजा झाला. त्याने जुने देव बंद केले, सूर्याचा एकच देव धरला आणि वाळवंटात नवं गाव वसवलं. तिथे भिंतीभिंतीवर स्वतःची चित्रं कोरून घेतली. राजा रथात, राणी रथात, राजा पोरींचे मुके घेतोय. आता त्याच गावातल्या साध्या माणसांच्या घरांत, राखेत, उकिरड्यात लहान लहान दगडी माकडं सापडली. माकड रथ हाकतंय. माकड वीणेसारखं वाद्य वाजवतंय. माकडीण पिल्लाचा मुका घेतेय. काही शिकलेले लोक म्हणतात, ही राजाची टिंगल. काही म्हणतात, छे, पोरांची खेळणी आहेत. करणाऱ्याने काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे कोणालाच नक्की माहीत नाही. पॅटबाई खेळणीवाली. उजू टिंगलवाली.

"साहेबिणीच्या उलट बोलणार तू?" मी म्हटलं. "नोकरी तिच्या हातात असताना?"

"इथे चालतं, आई. पुरावा असला की चालतं."

"आणि नसला की?"

ती चहा ठेवायला उठली.

मला विचाराल तर टिंगलच. लग्न होऊन आले तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ कणीक मळता मळता कणकेची सासू करायचो. मोठं नाक, कमरेवर हात. सासूची पावलं वाजली की मूठ दाबायची आणि तिची पोळी लाटायची. हसू दाबून दाबून पोटात दुखायचं. पण भीती केवढी! उशीर झाला असता तर चुलीतलं लाकूड पाठीत बसलं असतं. हे मी उजूला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आई, हे मला भाषणात नाही सांगता येणार." मी म्हटलं, सांगू नकोसच.

शनिवारी संग्रहालय अर्धा दिवस असतं. पॅटबाईने परवानगी दिली होती की उजूने आईला आतल्या कोठीत नेऊन माकडं दाखवावीत, पाच मिनिटं, हात न लावता. दारावर वहीत सही केली, छातीला बिल्ला लावला. आत गारठा, खिडकी नाही, लोखंडी कपाटं ओळीने. उजूने हातमोजे घातले, एक खण ओढला आणि मऊ पांढऱ्या गादीवर ठेवलेलं माकड टेबलावर आणलं.

लिंबाएवढं होतं. पांढऱ्या चुनखडीचं, जागोजागी खड्डे पडलेलं. रथात उभं माकड, हातात लगाम, छाती पुढे. रथ ओढणारंही माकडच. तोंडावर असा ताठा, जसा आमच्याकडे नव्याने निवडून आलेल्या माणसाच्या तोंडावर असतो. मला हसू आलं. इतक्या हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हे करून दाराआड बायकोला दाखवलं असेल. तिने "अहो, कोणी बघेल, लपवा ते" म्हटलं असेल. कणीक पटकन मोडता येते. दगड कसा मोडणार?

"हात मागे ठेव आई," उजू म्हणाली. मी हात मागे बांधले.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. ती वळली.

आता पुढचं कसं झालं ते सांगते. आमच्या गिरणीच्या दारात भिंतीत बसवलेला वीतभर मारुती आहे. रोज गिरणी उघडताना मी त्याला कुंकू लावते. तिथे करंडा कुठून असणार, म्हणून स्वतःच्या कपाळाला बोट टेकवायचं आणि तेच त्याच्या कपाळाला. लग्न झाल्यापासूनचा हात आहे माझा. आणि त्या दिवशी शनिवार होता, मी उपाशी होते, समोर माकड उभं होतं. मी ठरवून काही केलं नाही. उजू फोनवर बोलत होती, आणि माझं बोट कपाळावरून माकडाच्या कपाळावर जाऊन परत आलं. दगड गार लागला तेव्हा मला कळलं.

मी हात मागे बांधले. उजूने फोन ठेवला, माकड उचललं, खणात ठेवलं. "आवडलं?" म्हणाली. मी म्हटलं, "चांगलं आहे."

बोटाला फारसं कुंकू लागलेलं नव्हतं. दगडालाही लागलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं. पण पोरगी पहिल्यांदाच जरा खुशीत दिसत होती.

लाल

मधले दिवस बरे गेले. मी कुरणात फिरायला जायची. एक इंग्रज म्हातारा कुत्रा घेऊन यायचा, तो रोज मला हवेबद्दल काहीतरी सांगायचा आणि मी रोज मराठीत उत्तर द्यायची. दोघांचं बरं चाललं होतं.

एके संध्याकाळी उजू जिना धावत चढली. बूट न काढता आत आली.

"आई, लाल सापडलं!"

"काय लाल?"

"रथवाल्या माकडाच्या कपाळावर. बारीकसा ठिपका, खड्ड्यात अडकलेला. भाषणासाठी नवे फोटो काढायला मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर लाल पिगमेंट! म्हणजे कपाळावर पट्टी रंगवली होती, आई. राजाच्या कपाळावर असते तशी. खेळण्यातल्या माकडाला कशाला राजाची पट्टी?"

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

"आधी दिसलं नव्हतं का?" मी विचारलं.

"इतकं जवळून कोणी बघितलंच नव्हतं. पॅटसुद्धा म्हणाली, इतकी वर्षं ते तोंड बघतेय, कधी लक्षात आलं नाही. ती जरा गप्प गप्प होती. पण पुरावा आहे ना!"

तिने मला मिठी मारली. मोठी झाल्यापासून तिने मला मिठी मारल्याचं आठवत नाही. मी तशीच उभी राहिले, लाकडासारखी.

त्या माकडावर आधीपासूनच रंग असेल, असं मी दोन दिवस धरून चालले. तिथल्या काही मूर्तींवर लाल रंग असतो, हे उजूनेच सांगितलं होतं. मग माझंच बोट कशाला? दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मनाशी हेच म्हणत होते, अंघोळ करताना हेच. मग तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "गंमत म्हणजे तो रंग मेणात बसवलाय. असं फार क्वचित सापडतं. यावर वेगळा लेख होईल."

आता हे वाचणाऱ्या तरुण पोरींना सांगायला हवं. मी टिकली लावत नाही. आमच्या वयाच्या बायका आधी कपाळाला मेण लावतात आणि त्यावर कुंकू दाबतात, म्हणजे दिवसभर राहतं. माझी मेणाची डबी न्हाणीघरातल्या आरशाखाली ठेवलेली होती. उजू रोज सकाळी तिच्या शेजारून दात घासायचा ब्रश उचलत होती. पण आईचं कपाळ कोण बघतं? जन्मापासून समोर असतं.

हातातला घास मी परत ताटात ठेवला. उजूने मीठ पुढे केलं.

त्यानंतर मला त्या घरात प्रत्येक आवाजाची भीती वाटायला लागली. फोन वाजला की वाटायचं, कळलं. दाराच्या फटीतून पत्र पडलं की वाटायचं, कळलं. उजू टेबलाशी बसून भाषण लिहायची, आणि मी तिच्या मागे उभी राहून त्या इंग्रजी ओळी बघायची. वाचता येत नव्हत्या, पण त्यातल्या निम्म्या माझ्या बोटाने लिहिल्यात, हे मला माहीत होतं. सांगावं तर पोरीने परक्या बाईचा हात लागू दिला म्हणून नोकरी जाणार. न सांगावं तर ती चार शहाण्यांसमोर माझं कुंकू राजाचं म्हणून दाखवणार. आणि कधीतरी कोणीतरी ओळखणार, आणि तेव्हा तर तोंड लपवायला जागा उरणार नाही.

बर्मिंगहॅम

शनिवार-रविवार आम्ही बर्मिंगहॅमला गेलो. माझी मावसबहीण कुमुद तिथे असते. तिचे मालक हॉस्पिटलात डॉक्टर, तीस वर्षं झाली. विटांची लाल घरं, रांगेने एकसारखी. कुमुदचं घर ओळखायचं ते दाराशी ठेवलेल्या तुळशीवरून. ती थंडीत आत घेते आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवते, तान्ह्या मुलासारखी.

तिची मुलगी नेहा दारात आली आणि म्हणाली, "मावशी, तुझा साडी खूप छान आहे. आणि तुझा नाक पण आईसारखा आहे."

"माझं नाक मोठं आहे," मी म्हटलं.

"हो, मोठी आहे," ती म्हणाली. पोरगी खरं बोलते, मला आवडली.

कुमुदने साबुदाण्याची खिचडी केली होती. खाण्यापिण्यात तिने काही सोडलेलं नाही. उजू आणि नेहा बाजारात गेल्या तेव्हा मी कुमुदला सगळं सांगितलं. सांगताना हात मी पदराखाली घेतले होते.

कुमुदने कपाळावर हात मारला. "अक्का, तू म्हणजे ना! तीन हजार वर्षांच्या माकडाला कुंकू?"

"शनिवार होता."

"शनिवार होता म्हणे!" तिला हसू फुटलं आणि लगेच आवरलं. मग उठून तिने दार लावून घेतलं. घरात कोणी नव्हतं तरी लावलं. "हे बघ, अजिबात बोलू नकोस. नॉट अ वर्ड. ह्या लोकांचं मी तीस वर्षं बघतेय. गोऱ्याची चूक झाली तर ती मिस्टेक, आपली झाली की त्याची फाईल होते. उजूचं एक्स्टेन्शन होऊन जाऊ दे."

"आणि नंतर कळलं तर?"

"कोणाला कळणार आहे? तुझं मेण काय बोलणार आहे का?"

"कुमुद, ते मायक्रोस्कोपखाली ठेवतात."

तिने खिचडीवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तू उजूला सांगितलंस तर ती पॅटला सांगणार. तुझीच पोर आहे. म्हणून तिलासुद्धा सांगू नकोस. तू आपली परत जा, गिरणी सांभाळ."

परतीच्या गाडीत उजू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचं वजन लागत होतं. बाहेर मेंढ्या, हिरवी शेतं, दगडी चर्च, सगळं नेटकं. मी काहीच पाहिलं नाही. कुमुदचं पटलं होतं. मी गप्प बसायचं ठरवूनच गाडीतून उतरले.

कुरण

भाषणाच्या आदल्या दिवशी उजू म्हणाली, "आई, चल, गाईंकडे जाऊन येऊ. मला तुझ्यापुढे एकदा म्हणून बघायचंय." आम्ही कुरणात बाकावर बसलो. ती आधी इंग्रजीत म्हणायची, मग मला मराठीत सांगायची. लाल ठिपक्यापाशी आली तेव्हा तिचा आवाज बदलला. उभी राहिली. हाताने कपाळावर पट्टी दाखवली. म्हणाली, "आणि इथे, इथे तो कारागीर आपल्याशी बोलतो!"

ते मला बघवेना. मी म्हटलं, "तो कारागीर नाही, मी आहे."

"काय?"

"तू फोनवर होतीस. मी बोट लावलं. कुंकवाचं. मेण माझं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, कपाळाकडे. मग हळूच बाकावर बसली. एक गाय जवळ येऊन तिची पिशवी हुंगत होती, तिने हाकललं नाही.

"आधी का नाही बोललीस?"

"भ्याले."

"मला?"

"तुला नाही. तुझं काय होईल त्याला."

"आई, मी पॅटला सगळं सांगून बसले. फोटो गेलेत सगळ्यांना." तिचे ओठ पांढरे पडले होते. "आणि कधीतरी तो ठिपका टेस्टला गेलाच असता. कुंकू हळदीचंच ना, हळद निघाली असती त्यात. हळद! इजिप्तच्या राजाच्या कपाळावर!"

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. माझ्यावर ओरडलीही नाही. पदर धरून मला उठवलं आणि म्हणाली, "चल. आत्ता. उद्या सकाळी माझी हिंमत होणार नाही."

"कुमुद म्हणाली गप्प बस."

"कुमुदमावशीलाही सांगितलंस! माझ्या आधी?" तेवढ्यावर मात्र ती ओरडली.

पॅटबाई

पॅटबाईची खोली संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, करकरणारा. मला वाटत होतं, हा जिना संपू नये.

उजू इंग्रजीत बोलली. मला एवढंच कळत होतं की ती बोलताना खाली बघते आहे. पॅटबाईने मध्ये काही विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं. बराच वेळ. आपल्याकडे साहेब ओरडतो, त्यावरून कळतं किती रागावला. ह्या बाईचा आवाज खाली गेला, इतका की उजूला पुढे वाकावं लागलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तुझ्या कुंकवाचं सॅम्पल देशील का, विचारतेय."

मी मान डोलावली. पॅटबाई जवळ आली. कापसाच्या काडीने तिने माझ्या कपाळाला हळूच स्पर्श केला. इतक्या हळू, जसं त्या दगडाला करत असेल. मग खालच्या खोलीत गेलो. तिने मायक्रोस्कोपखाली दोन्ही लाल शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि उजूला बघायला दिले. उजूने पाहिलं आणि मान डोलावली. दोन्ही एकच होते.

निघताना पॅटबाई माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हणाली. तिथे थँक्यू बसवाल्यालाही म्हणतात, धक्का मारणाऱ्यालाही म्हणतात. त्यावरून काही समजत नाही.

"रागावली का?" मी जिन्यात विचारलं.

"माहीत नाही."

"तुझी साहेबीण ना? तुला माहीत नाही?"

"आई, मला खरंच माहीत नाही."

भाषणाला मी गेले. उजू नको म्हणाली होती, पण मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. वीस-पंचवीस माणसं असतील, बहुतेक म्हातारी. उजू उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा तोच फोटो लावला. काय बोलली ते घरी आल्यावर मी विचारून घेतलं. ती म्हणाली होती, हा लाल डाग आत्ताचा आहे, वस्तू माझ्या ताब्यात असताना पडला, चूक माझी आहे, तेव्हा त्यावर मी जे लिहिलं ते मागे घेते. माझं नाव तिने काढलं नाही. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही, पण माझ्या कपाळावर सगळ्या खोलीचे डोळे आहेत असं मला वाटत होतं. मी पदर पुढे ओढून घेतला.

मग ती लाल सोडून बाकीचं बोलली. लगाम, छाती, ताठा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॅटबाईनेही वाजवल्या, हाताची बोटं हातावर आपटून, आवाज न करता. तो डाग पुसून जाणार नाही, असं नंतर कळलं. दगड मऊ आहे, मेण आत मुरलं. खरवडलं तर माकडाचं कपाळच जाईल.

घरी

मी जुलैच्या सुरुवातीला परत आले. महिना संपता संपता उजूचा फोन आला. मुदतवाढ मिळाली नाही. पुढच्या वर्षी पैसे नाहीत, असं पत्रात लिहिलं होतं.

"खरंच पैसे नाहीत का?" मी विचारलं.

"नसतील. असतील. पॅटने शिफारसपत्र चांगलं दिलंय."

"मी बोलले नसते तर?"

ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "तर मिळालं असतं, बहुतेक."

हे गिरणीत होते. मी जाऊन सांगितलं, उजूची नोकरी गेली. पट्टा चालू होता, ऐकू गेलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं. गिऱ्हाईकांनीही ऐकलं. ह्यांनी गिरणी बंद केली आणि पीठ झटकत नुसते उभे राहिले.

परमिटाची थोडी मुदत तिच्या हातात आहे. तेवढ्यात दुसरी नोकरी लागली तर ठीक. बर्मिंगहॅमला एका लहान संग्रहालयात जागा निघाली, तिथे ती परवा मुलाखतीला गेली होती. काल संध्याकाळी फोन आला.

"कशी झाली?"

"बरी झाली. त्यांनी विचारलं, हातून कधी मोठी चूक झाली आहे का. मग मी माकडाचं सांगितलं."

"कशाला सांगितलंस?"

"ह्या लोकांत सगळे सगळ्यांना ओळखतात, आई. उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

"मग काय म्हणाले?"

"हसले."

 मी पाट ओढून खाली बसले. "कोण हसले? किती जण होते?"

"तिघं. तिघंही हसले."

"कसे हसले?"

"कसे म्हणजे? हसले गं. गंमत वाटली असेल."

"तोंड उघडून हसले की दाबून?"

"आई, आता हे काय!"

"सांग मला." कणकेच्या सासूला आम्ही दाबूनच हसायचो; मोकळं हसतो तो गंमत म्हणून सोडून देतो, दाबून हसतो तो टिंगल करतो.

तिने आठवून पाहिलं. "दोघं मोकळे हसले. एक जण दाबून हसला. रुमाल लावून."

"तो दाबून हसणारा सगळ्यांत मोठा साहेब होता का?"

 ती म्हणाली, "हो."